कमी वापरातला हात

मी दारू पीत नाही. कधीच प्यालो नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. माझ्या किडन्या गेल्या हे कळल्यावर शिरड शहापूरच्या पलीकडच्या आमच्या वस्तीपासून नांदेडच्या दवाखान्याच्या लिफ्टपर्यंत प्रत्येकानं पहिला सवाल तोच केला. केस लांब, टी-शर्ट काळा, रॉक बँडमध्ये ड्रम वाजवतो, म्हणजे पीतच असणार. आपल्याकडं आजारी माणसाला आधी आरोपी करतात. मग जमलं तर बसायला खुर्ची देतात.

मी पत्रकं लिहिणारा माणूस आहे. एसटीची फेरी बंद झाली, काढ पत्रक. उपकेंद्राला कुलूप, काढ पत्रक. वर मागण्या, खाली निषेध, मग सह्या. हे लिखाण तसं नाही. आमच्या डायलिसिस सेंटरवर अधूनमधून एखादा नवीन माणूस येतो. बाकाच्या काठावर बसतो, चप्पल काढू की नको हेही त्याला सुचत नाही. त्याच्यासाठी लिहितोय. त्याला डॉक्टर सगळं सांगतात, पण त्यातलं त्या दिवशी काही ऐकू येत नाही. मलाही आलं नव्हतं.

वय तेहतीस. त्यातली वीस वर्षं ड्रमवर. लग्नाच्या बँजो पार्टीत सुरुवात, मग नांदेडला कॉलेजात रॉक बँड, मग असे तीन-चार बँड. तेहतिसाव्या वर्षी या धंद्यात माणूस म्हातारा होतो. कॉलेजची पोरं स्टेजवर मला अंकल म्हणायची.

नातं काय?

नांदेडच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवत होतो. पाय इतके सुजले होते की बूट चढेना, म्हणून अनवाणी वाजवलं. दुसऱ्या गाण्यानंतर स्टेजमागं जाऊन ओकलो. पोरं हसली, "अंकलला चढली." मीही हसलो. तोंडाला कितीतरी दिवसांपासून लोखंड चाटल्यासारखी चव होती आणि जिना चढलो की दम लागायचा. मला वाटलं, वय झालं.

दुसऱ्या दिवशी मुजीबनं धरून डॉक्टरकडं नेलं. मुजीब म्हणजे माझा दोस्त. कळमनुरीला त्याचं साऊंड सर्व्हिसचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत तो रिक्षावरून फिरवायच्या जाहिराती रेकॉर्ड करतो. माझा ड्रमसेट त्याच्या टेम्पोत तसाच बांधलेला, टेम्पो दवाखान्याच्या दारात, आणि आम्ही दोघं आत.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि माझ्याकडं न बघता माझ्या मागं बघितलं.

"सोबत कोण आहे?"

"मैं हूं," मुजीब म्हणाला.

"नातं काय?"

"प्रोड्यूसर हूं इसका."

डॉक्टर हसले नाहीत. "घरचं कोणी नाही का?"

"घरचे मेंढरांमागं गेलेत," मी म्हणालो. खरंच गेले होते.

दोन्ही किडन्या वाळल्यात, आकसल्यात, असं त्यांनी सांगितलं. कशामुळं, विचारलं. ते म्हणाले, आता कारण शोधून उपयोग नाही, डायलिसिस आजच सुरू करायचं. त्यानंतर ते बरंच बोलले. मला फक्त त्यांच्या टेबलावरच्या पेनस्टँडमधली उलटी खोचलेली पेनं आठवतात.

टेम्पोत बसल्यावर मुजीबनं चावी फिरवली आणि परत बंद केली. म्हणाला, "अब अल्बम का क्या?" आणि स्वतःच्याच तोंडात मारून घेतली.

पण मी त्याचा आजही उपकृत आहे. त्या दिवसापासून सगळ्यांनी मला 'जगशील' किंवा 'देव बघून घेईल' एवढंच सांगितलं. जगून मी काय करणार आहे, हे एकट्या त्यानं विचारलं.

अल्बमचं सांगतो. बँडमधली बाकीची पोरं पुण्याला नोकरीला लागली. मी राहिलो. मुजीबच्या डोक्यात आलं की आता तुझं एकट्याचं करू. गाणं नाही, गिटार नाही, फक्त ड्रम. नऊ तुकडे. मायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "गाणंच न्हाई त्याच्यात? मंग लोकायनं आयकायचं काय, तुझा राग?"

बरोबर बोलली होती. रागच होता तो.

पाणी

आठवड्यातून तीन दिवस सेंटर. मानेत एक नळी बसवली होती. तीतून रक्त बाहेर येणार, मशीनमधून धुऊन परत आत जाणार. चार तास हलायचं नाही. सुरुवातीला रक्ताकडं बघवत नाही, नंतर मोबाईल बघत पडतो माणूस. उठलं की पायात काही उरत नाही. तो दिवस संपला म्हणून समजायचं.

खरं दुखणं सुईचं नाही, तहानेचं आहे. लघवी जवळजवळ बंद, म्हणून पाणी मोजून. आणि आमच्याकडचा उन्हाळा! वस्तीवर माठ भरलेला, पाझरतोय, आणि आपण त्याच्याकडं पाठ करून बसायचं. माय स्टीलच्या छोट्या वाटीत पाणी द्यायची आणि मी पिताना दुसरीकडं बघायची. एकदा मीच म्हणालो, "बघ ना इकडं, मी चोरून नाही पीत." ती म्हणाली, "तू पितो तवा मला तहान लागती रं." त्या दिवसापासून तीही त्याच वाटीनं प्यायला लागली. भांडलो, ऐकली नाही.

बर्फाचा एक खडा तोंडात धरायची युक्ती मला शेजारच्या बेडवरच्या रामराव काकांनी शिकवली. काका पुसेगावकडचे. सहा एकर रान आणि जीभ तिखट.

भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन यायचा. आजारी माणसाला शहाळं, हे आपलं ठरलेलं. आम्हाला ते विष आहे, त्यातलं पोटॅशियम अंगात साठतं. केळी विष, मोसंबी विष. नाही म्हटलं तर पाहुणे फुगायचे. काका मात्र हात जोडून घ्यायचे आणि म्हणायचे, "ठिवा पाव्हणं. ज्याला लवकर जायचं आसंल तो पिईल."

कोणता हात?

मानेतली नळी कायमची नसते. पुढं हातात फिस्टुला करतात. मनगटाजवळ दोन रक्तवाहिन्या जोडून देतात, मग ती शीर फुगते आणि सुया तिथं टोचता येतात. तोच आपला जगायचा दरवाजा. त्या हातानं वजन उचलायचं नाही, त्यावर मार बसू द्यायचा नाही, त्या हाताचं बीपी बघू द्यायचं नाही, त्यातून रक्त काढू द्यायचं नाही, तो उशाशी घेऊन झोपायचं नाही.

सर्जननं विचारलं, "डावखुरे आहात का?"

"नाही."

"मग डाव्यात करू. कमी वापरातला हात."

"डॉक्टर, मी ड्रमर आहे. माझा एकही हात कमी वापरातला नाही."

त्यांनी मान वर केली. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "हळू वाजवाल का?"

"रॉक हळू वाजत नाही."

"मग मी हो म्हणणार नाही," ते म्हणाले. "पण नळीवर किती दिवस काढणार? ती कधीही सडेल."

रॉकमध्ये उजवा हात झांजेवर चालत राहतो, नांगराच्या तासात बैल चालावा तसा. डावा हात मधल्या स्नेअर ड्रमवर पडतो. लोक ज्या ठोक्यावर मान हलवतात तो डाव्याचा. म्हणजे ज्याला ते कमी वापरातला म्हणाले, त्यानं मला वीस वर्षं ओळख दिली.

मी मुजीबला म्हणालो, संपलं. तो दुकानात वायरी गुंडाळत होता. गुंडाळत गुंडाळत म्हणाला, "नक्को डर. ऑपरेशनच्या पयले डाव्या हाताचं सगळं काढून घिऊ. नऊच्या नऊ. उजव्याचं बाद में, आराम से. जोडनेवाला मैं हूं ना."

एकाच हातानं आधी सगळा अल्बम वाजवायचा! असं कोणी करत नाही. आम्ही केलं.

पंखा

मुजीबची खोली म्हणजे पत्र्याचं छप्पर, भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि त्यावर मायनं दिलेल्या जुन्या वाकळा. खिडकी बुजवलेली. वैशाख. पंखा चालू असला की त्याचा आवाज माईकमध्ये जातो, म्हणून वाजवताना पंखा बंद. एक तुकडा झाला की पंखा चालू, पुन्हा बंद.

एकटा डावा हात वाजवणं म्हणजे एका पायानं चालणं. तोल जातो. तेव्हा मुजीब हेडफोनमध्ये तोंडानं माझा उजवा हात व्हायचा. "त्स त्स त्स त्स," असा तासन् तास. त्याचे ओठ सुकून फाटले. मधेच नांदेड रोडवरून ट्रॅक्टर गेला की तो ट्रॅक्टरवाल्याच्या सात पिढ्या काढायचा आणि म्हणायचा, "फिरसे." मी तेव्हा आजारी नव्हतो. खरं सांगतो, त्या खोलीत मी आजारी नव्हतो.

नऊ तुकडे झाले. शेवटचा झाल्यावर मुजीबनं माझा हात हातात घेऊन डोळ्यांना लावला.

मानेवरची पट्टी घामानं भिजली होती. ती कोरडी ठेवायची असते हे आम्हाला दोघांनाही पाठ होतं. आंघोळीला जपायचो, डोक्यावरून पाणी घ्यायचो नाही. घाम म्हणजेही पाणीच, हे आमच्या टाळक्यात आलं नाही. नवीन माणसा, एवढं लक्षात ठेव. नळी मानेत असेल तर पंखा बंद करू नको. कशासाठीही नाही.

पुढच्या डायलिसिसला मशीन सुरू झालं आणि थोड्याच वेळात हुडहुडी भरली. अशी की लोखंडी पलंग फरशीवर खडखडायला लागला. सिस्टर धावत आल्या. शेजारून रामराव काका म्हणाले, "आय ड्रमर, पलंग तरी तालात वाजव." पण त्यांचा हात माझ्या कपाळावर होता.

नळीवाटे जंतू रक्तात गेले होते. नांदेडला भरती, नळी काढली, मानेच्या दुसऱ्या बाजूनं घातली. त्यातले बरेच दिवस मला आठवत नाहीत. छतावर मेंढरं चालताना दिसायची. आणि मी मरणार आहे याची भीती नव्हती, याचीच नंतर भीती वाटली.

मायनं मुजीबला वॉर्डच्या दारात गाठलं. "त्वा मह्या लेकराला भट्टीत कोंडलं! दोस्त म्हणून घरात घितलं तुला, जेवू घातलं." तो खाली मान घालून उभा होता. मी आतून ओरडायला पाहिजे होतं की मीच म्हणालो होतो बंद कर पंखा. नंतर मी मायला सांगितलं. ती म्हणाली, "म्हाईत हाय मला. पर तुला कसं रागवू?"

मुजीब रोज येत राहिला. पण आत यायचा नाही. बाहेर पायऱ्यांवर बसायचा.

याच दिवसांत किडनीची गोष्ट निघाली. मायनं सगळ्यात आधी स्वतःची देऊ केली. तपासणीत तिला साखर निघाली. बा थकलेला, त्याचं बीपी वर. मग सगळ्यांच्या नजरा अक्काकडं, माझ्या बहिणीकडं. तिला दोन लेकरं आहेत. मामा म्हणाला, "बहीणच देत आसती." काहून? किडनी देण्याघेण्याच्या तपासणीच्या रांगेत बघा एकदा. देणाऱ्या सगळ्या बाया आणि घेणारे सगळे पुरुष. मी अक्काला विचारलं नाही, विचारणार नाही. मायला वाटतं हा माझा हट्ट आहे. अक्का भेटायला आली की आम्ही तिघंही हवापाण्याचं बोलतो. घरात एवढी शांतता पूर्वी कधी नव्हती.

बाचा कान

डाव्या हातात फिस्टुला झाला. पट्टी निघाल्यावर सिस्टरनं माझा हात उचलून माझ्याच कानाला लावला. आत घरघर. लांबून जात्यासारखी, न थांबणारी. "रोज सकाळी ऐकायचं," त्या म्हणाल्या. "आवाज आहे तोवर चालू आहे. आवाज बंद झाला की लगेच पळत यायचं."

बा हे कोपऱ्यात उभं राहून ऐकत होता. माझा बा फार बोलत नाही. माणसांपेक्षा मेंढरांशी जास्त बोलतो. गाभण मेंढीला खाली बसवून तिच्या कुशीला कान लावायची त्याची सवय. आत पिल्लू हलतंय का, एक आहे का दोन, ते तो असं ऐकून सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजेवर पडलो होतो. बा आला, गुडघे टेकले, माझा हात तसाच धरला आणि कान लावला. डोळे मिटले. मग उठून म्हणाला, "वाजून राहिलं." आणि मेंढरं सोडायला गेला.

रोज. एकही सकाळ चुकली नाही. वीस वर्षांत त्यानं माझं वाजवणं एकदाही ऐकलं नव्हतं. "आवाज लई," एवढंच म्हणायचा. आता तो रोज ऐकायचा.

फिस्टुला तयार झाला, मानेतली नळी निघाली. मग मुजीबच्या खोलीत उजव्या हाताचं सुरू केलं. डावा हात गळ्यातल्या झोळीत, उजवा झांजेवर. ताकद नव्हती. चांगला दिवस आला तर एक तुकडा, नाही तर परत. माय आता मुजीबसाठी डब्यात जास्तीची भाकर द्यायची.

एकदा दम खायला थांबलो. हात सहज माईकच्या दांड्याजवळ टेकवला. मुजीबनं हेडफोन दाबून धरला. "ये क्या बज रहा है?"

"मी."

त्यानं मला हलू दिलं नाही. माईक मनगटाजवळ आणला आणि बराच वेळ नुसता रेकॉर्ड करत बसला.

"काय करायचंय त्याचं?" मी विचारलं.

"ठिवून देतो. काम को आयेगा."

मला राग आला. म्हणालो, "मी काय तुझ्या दुकानातलं सामान आहे का?" तो म्हणाला, "सामान रहता तो वापस करके नया लाता."

मंडप

सेंटरवर मशीन चालवणारा टेक्निशियन एकच. तो रजेवर गेला की दाराला कुलूप. पेशंटनं नांदेडला जायचं, तिथं नंबर लागला तर लागला. सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण गोष्ट एका सेंटरची नाही. त्या दिवशी कुलूप होतं. रामराव काका दारातून परत गेले. जाताना मला म्हणाले, "उद्या बघू. एक दिवसानं काय व्हतंय?" एका दिवसानं काय होतं ते त्यांच्या बायकोला विचारा. छातीत पाणी भरलं. सकाळी काका गेले. पुढच्या पाळीला मी गेलो तर त्यांच्या बेडवर नवीन माणूस होता, बाकाच्या काठावर बसावं तसा बेडच्या काठावर बसलेला.

मी पत्रक काढलं. आयुष्यातलं सगळ्यात लहान. "आम्हाला दुसरा टेक्निशियन द्या. आमचा एक माणूस उद्यापर्यंत थांबला नाही." पेशंटच्या घरच्यांनी मंडप टाकून साखळी उपोषण धरलं. मी उपाशी बसलो नाही, मला ते चालत नाही. पण मंडपात बसलो आणि माईक माझ्याकडं होता. मुजीब म्हणाला, "उजव्याचे चार तुकडे बाकी आहेत. पयले वो कर ले." मी म्हणालो, अल्बम कुठं पळून चाललाय?

उपोषणाला लोक बसले की तपासणीचं पथक येतं. सगळ्यांचं बीपी बघतं, कागदावर लिहून नेतं. ही पद्धतच आहे. त्या दिवशीही आलं. मी बोलत होतो. उजव्या हातात माईक होता, म्हणून मोकळा दिसला तो डावा हात पथकातल्या ताईनं धरला आणि बीपीचा पट्टा गुंडाळला. मी काकांबद्दल बोलत होतो. दंडाला आवळलं तेव्हा मला कळलं, पण समोर माणसं रडत होती आणि माझं वाक्य अर्धं होतं. वाक्य पुरं केलं. मग हात ओढला.

त्या ताईचा दोष नाही. तिला कोणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या गावाला मी ओरडून सांगत होतो की पेशंटचं ऐका, आणि तिला दोन शब्द सांगायला माझं तोंड मोकळं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बानं कान लावला. डोळे मिटले. मग डोकं उचललं, माझं मनगट थोडं फिरवलं आणि दुसरा कान लावला. खूप वेळ. बाहेर मेंढरं ओरडत होती, सोडायची वेळ झाली होती.

शेवटी म्हणाला, "मह्या कानाला आजकाल कमी आयकू येऊन राहिलं."

मी स्वतः कान लावला नाही. बाचा कान कसा आहे मला ठाऊक आहे.

पळत गेलो, नांदेडला पोचलो. रक्ताची गाठ झाली होती, शीर बंद. पट्ट्यानं झालं का, विचारलं. डॉक्टर म्हणाले, असेल. आदल्या डायलिसिसला बीपी खाली गेलं होतं, त्यानंही असेल. नक्की कोणीच सांगणार नाही. डाव्या हातात वर कुठं जमतंय का बघितलं. सुया टोचून टोचून तिथल्या शिरा आधीच खलास झालेल्या. मानेत परत नळी घातली.

"आता उजवा," सर्जन म्हणाले. त्यांनी या वेळी कोणता हात कमी वापरातला ते विचारलं नाही.

दुसरा टेक्निशियन मात्र आला. मंडप उठला. लोकांनी मला हार घालायला आणला. मी म्हणालो, काकांच्या घरी न्या.

बटन

ऑपरेशनला थोडे दिवस होते. चार तुकड्यांचा उजवा हात बाकी होता. मी हिशोब केला, बसतंय. फोन करून मुजीबला म्हणालो, "उद्यापासून लागू. घाई केली तर होईल."

"नक्को."

"नक्को म्हणजे?"

"गळ्यात नळी है तेरे. मैं नै करता."

मी त्याच्या दुकानावर गेलो. गिऱ्हाईकासमोर भांडलो. त्याला काय काय बोललो ते इथं लिहिणार नाही. शेवटी म्हणालो, "अल्बम माझा आहे."

"अल्बम तेरा है," तो म्हणाला. "मान भी तेरी है. पर पंखे का बटन मेरे घर में है."

आणि त्यानं मागच्या खोलीला कुलूप लावलं. माझ्या ड्रमसकट.

आमच्यात तेव्हापासून बोलणं नव्हतं. ऑपरेशनच्या दिवशी तो आला होता, असं माय म्हणाली. पायऱ्यांवर बसला होता.

शेवटचे चार

उजवा हात बांधलेला, डावा हात आता मोकळा आणि कसल्याही उपयोगाचा नाही, कारण उजव्याची झांजेवरची चाल त्याला येत नाही आणि एकट्यानं तो काय वाजवणार? मी बाजेवर पडून असायचो. बा सकाळी यायचा, डाव्या बाजूला सवयीनं बसायचा आणि तसाच उठून जायचा. उजव्या हाताला पट्टी होती. त्याला कान लावायची त्याची हिंमत होत नव्हती.

मग एक दिवस मुजीब आला. पायऱ्या नव्हत्याच आमच्या घराला, म्हणून आत आला. हेडफोन माझ्या डोक्यावर घातला आणि मोबाईल लावला.

पहिले पाच तुकडे दोन्ही हातांचे. चांगले झालेत, माझं मीच म्हणतो. मग सहावा. डावा हात एकटाच पडत होता, ठक, मोकळी जागा, ठक. आणि त्या मोकळ्या जागेत, जिथं उजवा हात चालायला पाहिजे होता, तिथं घरघर होती. लांबून जात्यासारखी. थांबत नव्हती. शेवटचे चारही तसेच.

हेडफोन काढला आणि बाला दिला. त्यानं तो उलटा घातला, मुजीबनं सरळ केला. बा बाजेच्या कडेला बसला, डोळे मिटले. ठोका पडला की त्याची पापणी हलायची. बराच वेळ ऐकलं.

"ह्ये डाव्या हाताचं हाय," तो म्हणाला. "तवाचं."

"हौ चाचा," मुजीब म्हणाला.

"सपष्ट आयकू येतंय." त्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "मंग मपला कान चांगलाच हाय."

चुलीपाशी मायनं पदर तोंडाला लावला होता.

बा उठला. बाजेला वळसा घालून उजव्या बाजूला आला, गुडघे टेकले आणि पट्टीच्या वर, कोपराजवळ, हळूच कान ठेवला. मुजीब सवयीनं उठला आणि भिंतीवरचं बटन दाबून पंखा बंद केला. मग त्याला माझी मान दिसली.

"फक्त एक मिनट," तो म्हणाला आणि बटनावर बोट ठेवून उभा राहिला.

बाला वेळ लागला. मानेवर घाम यायला लागला तसा मुजीब पुठ्ठ्यानं वारा घालायला लागला, आवाज होऊ न देता.

"वाजून राहिलं," बा म्हणाला.

मुजीबनं पंखा लावला.